ओढ्यावर आडवं पडलेलं जहाज

मित्रांनो, मी जहाज आहे. म्हातारं, गंजलेलं, पण जहाज. हसू नका. बीड जिल्ह्यात तलवाड्याच्या अलीकडं एका ओढ्यावर आडवा पडून मी हे बोलतोय, आणि इथून समुद्र नेमका कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही. येणारे-जाणारे मला पत्रा म्हणतात. कुणी पूल म्हणतं. मांजरसुंब्याचे पाशाभाई मला रॅम्प म्हणतात, आणि सत्यभामा आजी तर सरळ 'ते लोखंड' म्हणते. एवढी नावं ऐकल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. मला डोकं कुठं आहे, हा पुन्हा वेगळाच प्रश्न.

तुम्हाला सांगायचीय ती गोष्ट वनमालाची. तिचे दोन बैल, तीन म्हशी, म्हशीची एक बारकी वगार आणि पाच-सहा शेळ्या पुरात अडकल्या होत्या आणि त्यांना सोडून ती जागची हलायला तयार नव्हती. पण या गोष्टीत माझं काय काम, हे कळायला मी कोण ते आधी सांगावं लागेल. आणि तिथंच तर सगळी पंचाईत आहे!

माझा जन्म कोलकात्याला, हुगळी नदीच्या काठी झाला. जन्मापासूनच माझा गोंधळ सुरू झाला बघा. शेजारी दुसरी जहाजं बांधून होत होती, त्यांचं तोंड पुढून कसं निमुळतं, पाणी कापत जाणारं. आणि मला? मला पुढून दार! चांगली दोन मोठी कवाडं, आणि कवाडांच्या आत खाली पडणारी एक भलीमोठी लोखंडी फळी. जहाजाला पुढून दार केलं तर समुद्र आत येईल, एवढी साधी गोष्ट या शहाण्यासुरत्या माणसांना कशी कळत नाही, असं मला वाटायचं. शिवाय माझं बूड सपाट. परातीसारखं. जरा लाट आली की मी इकडून तिकडं डोलायचो आणि माझ्या पोटातले तरणेबांड खलाशी ओकून ओकून आडवे व्हायचे. ते मला शिव्या घालायचे. मी काय करणार? मी स्वतःला थोडंच बांधलं होतं!

पुढं कळलं, की मी रणगाडे वाहायचं जहाज आहे. पोटात रणगाडे भरायचे, समुद्रातून न्यायचे आणि जिथं बंदर नाही, धक्का नाही, अशा उघड्या किनाऱ्यावर नेऊन सोडायचे. त्यासाठी ते दार आणि त्यासाठी ते सपाट बूड. बाकीची जहाजं जमिनीला भितात. तळ जमिनीला लागला तर कप्तानाची नोकरी जाते म्हणे. आणि मला मात्र मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, किनाऱ्यावर नेऊन आदळायचे आणि वर शाबासकी द्यायचे. आता यातलं खरं काय समजायचं?

पण त्या आदळण्याची एक रीत होती. ती मला फार आवडायची. किनारा अजून लांब असतानाच खलाशी माझ्या मागच्या बाजूचा नांगर समुद्रात टाकायचे. मग त्याचा जाड दोर सोडत सोडत मी पुढं जायचो. वाळूत घुसायचो. कवाडं उघडायची, फळी खाली पडायची आणि रणगाडे धडधडत तिच्यावरून जमिनीवर उतरायचे. पोट रिकामं झालं की मागचा दोर यंत्रावर गुंडाळायचा. नांगर तिकडं तळाशी रुतलेला, त्यामुळं दोर ताणला की मीच हळूहळू मागं ओढला जायचो आणि पुन्हा तरंगायला लागायचो. तो नांगर टाकायला विसरलं, तर जहाज बसलंच वाळूत. कुणी कधी विसरलं नाही.

त्या फळीवर आडव्या लोखंडी पट्ट्या जोडलेल्या होत्या, बोटभर उंचीच्या. ओल्या लोखंडावरून रणगाडा घसरू नये म्हणून त्या असतात. त्या पट्ट्या ध्यानात ठेवा.

इतकी वर्षं मी युद्धाची वाट बघितली. रोज सराव, रोज रंगरंगोटी. युद्ध माझ्या वाट्याला आलंच नाही! एका वर्षी समुद्राची राक्षसी लाट आली आणि बेटांवरची गावंच्या गावं धुऊन गेली, तेव्हा मात्र मला घाईघाईनं पाठवलं. पोटात रणगाडे नव्हते. तांदळाची पोती होती, घोंगड्या होत्या, पिण्याचं पाणी होतं. किनाऱ्यावर फळी टाकली तर समोर शत्रू नाही, ओले, थिजलेले लोक उभे. एक म्हातारी माझ्या फळीवरून वर आली, खाली बसली आणि फळीला हात लावून रडायला लागली. मी चक्रावून गेलो. मी लढाईचं जहाज, मला तिनं असा हात कशाला लावावा? पण खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याच सरावात वाटलं नव्हतं.

मग मी म्हातारा झालो. एका संध्याकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत माझ्यावर उभे राहिले, शिट्टी वाजली आणि सूर्य बुडताना माझा झेंडा उतरवला. नौदलात जुन्या जहाजाचं नाव पुढं नव्या जहाजाला देतात. तसं माझंही नाव काढून घेतलं. म्हणजे माझ्या नावाचं कुणीतरी दुसरंच समुद्रात फिरणार, आणि मी बिननावाचा. मग मी कोण? विचारायला कुणी थांबलंच नाही, सगळे चहापाण्याला गेले.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका जहाजानं मला दोर बांधून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत आणलं. भरती पुरी चढली तेव्हा मला जोरात किनाऱ्याकडं लोटलं. अरे वा, मला वाटलं, पुन्हा सराव! मी आनंदात होतो. किनारा जवळ आला तरी मागचा नांगर काही पडेना. मी म्हटलं, विसरले की काय! अरे, नांगर टाका! मागचा नांगर टाका! वाळू लागली. मी घुसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हे विसरले नव्हते. मला परत न्यायचंच नव्हतं.

मित्रांनो, ते कापणं मी सांगत बसत नाही. निळ्या जाळाच्या बंदुका घेऊन माणसं आली आणि रोज थोडा थोडा मी कमी होत गेलो. माझं बूड कुठल्यातरी भट्टीत वितळून त्याच्या सळया झाल्या. तुमच्या शाळेच्या स्लॅबमध्येही मी असेन, काय सांगता येतंय! पण एक सांगा मला, जहाज कापल्यावर त्यातला कुठला तुकडा जहाज राहतो? मी एवढा सगळीकडं पांगलो, तर हा आत्ता बोलतोय तो कोण? मला वाटतं मी त्या फळीत उरलो. त्या फळीचाही उभा अर्धाच तुकडा. पण उरलो एवढं खरं.

त्या अर्ध्या फळीला एका भंगारवाल्यानं ट्रकवर घातलं आणि तो ट्रक निघाला. दिवसभर चालला, रात्रभर चालला. पाणी मागं गेलं, डोंगर आले, उजाड माळ आले. उतरवलं ते मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेशेजारी, पाशाभाईंच्या गॅरेजपुढं. पाशाभाई म्हणजे जाडजूड, पांढऱ्या मिशांचा मिस्त्री. त्यांनी माझ्यावर हातोडी मारली, कान लावला आणि म्हणाले, "आवाज पाह्यला का बे? असलं लोखंड आता येत न्हाई."

मला हायसं वाटलं. पण मी आपला भरतीची वाट बघत बसलो. सकाळ गेली, दुपार गेली, भरती येईना. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं तेव्हा मी म्हटलं, जहाजाला इथं आणायचं कारण काय?

कारण होतं. पाशाभाईंनी मला मातीच्या उतारावर पक्कं बसवलं. ट्रेलर मागून येऊन मला टेकायचा आणि त्याच्यावर पिवळी यंत्रं माझ्यावरून चढायची. जेसीबी, पोकलेन. पोकलेनला रणगाड्यासारखेच साखळीचे पट्टे, ते धडधडत आले की माझ्या अंगात शहारा यायचा. मी म्हणायचो, आले रणगाडे! मग वरचा लांब हात दिसायचा आणि कळायचं, की हा कुणाचं तरी शेततळं खणायला चाललाय. तिथंच तानाजी भेटला. तो पोकलेन चालवायचा. तलवाड्याजवळच्या वस्तीवर त्याचं घर. चढवताना घाई नाही, झटका नाही. चढून झालं की माझ्यावर उकिडवा बसून बायकोला फोन लावायचा. ती फोनवर आधी म्हशींची खबर सांगायची आणि मग पोराबाळांची. तीच ती वनमाला.

दुपारी यंत्रं नसली की पाशाभाईंच्या बेगम, जरीनाभाभी, माझ्यावर मिरच्या वाळत घालायच्या. लढाऊ जहाजावर मिरच्या! पण भाभी म्हणायच्या, "या पत्र्यावर लई मस्त वाळतात." कौतुकच ते.

आता त्या पट्ट्यांचं ऐका. जेसीबीचे टायर त्या आडव्या पट्ट्यांवर घासून कापले जायचे. ड्रायव्हर लोक कटकट करायचे. पाशाभाईंचा धाकटा भाऊ मुस्तकीम मोठा हौशी माणूस. गिऱ्हाईक नाराज झालेलं त्याला चालत नसे. एका शुक्रवारी नमाजहून आला आणि ग्राइंडर घेऊन बसला. ठिणग्या उडवत त्यानं सगळ्या पट्ट्या घासून साफ केल्या. मी आरशासारखा गुळगुळीत झालो. सगळ्यांनी त्याला वाखाणलं. बारकी पोरं तर माझ्यावरून घसरगुंडी खेळायला लागली. बीडच्या कोरड्या हवेत घसरणार कोण? पाशाभाईसुद्धा म्हणाले, "हे आधीच करायला पायजे होतं." मला मात्र काही सुचेना. माझे दात काढले आणि सगळे टाळ्या वाजवतायत, हे चांगलं झालं की वाईट?

त्यानंतरच्या नवरात्रात पाऊस आला. घट नुकतेच बसले होते. बीडचा पाऊस म्हणजे दोन शिंतोडे आणि मोठी बातमी, असं मी ऐकून होतो. हा तसला नव्हता. रात्रंदिवस कोसळला. ढाब्यांत पाणी, चौकात पाणी. मला वाटलं आता इथंच समुद्र होतोय, म्हणून मला आधीच आणून ठेवलं असेल! इतका मी खुळावलो होतो.

एका सकाळी तानाजी गॅरेजात पळत आला. चिखलानं माखलेला, आवाज बसलेला.

"भाई, आमच्या वस्तीचा पूल गेला."

"कुठला? वढ्यावरचा?"

"तोच. नळ्यासुद्धा वाहून गेल्या. फुडून वढा, मागून सिंदफणा. मधे आमची वस्ती. काल बोटवाले आलते, मायला, लेकरांला, समद्यांला तलवाड्याच्या शाळेत नेलं. वनमाला बसली न्हाई बोटीत."

"कावून?"

"जनावरं, भाई. बोटीत जनावरं घेत न्हाईत. दावं सोडलं तर पाण्यात जातील, न्हाई सोडलं तर जागेवर बुडतील. ती म्हणली, मी न्हाई येत. आता फोन बी लागंना. पाणी वाढायलंय. रात्रीपस्तोर वस्ती ऱ्हात न्हाई."

जरीनाभाभी दारात आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग तानाजीनं माझ्याकडं बघितलं.

"भाई, हा पत्रा पुरंल का वो त्या खिंडाराला?"

पाशाभाईंनी पावलं टाकून माझी लांबी मोजली, मान हलवली आणि ओरडले, "मुस्तकीम! हायड्रा बोलाव. ट्रेलर काढ. खडा ऱ्हाऊ नको, पळ!"

हायड्राच्या क्रेननं मला उचललं. ट्रेलरवर मी, मागच्या ट्रेलरवर तानाजीचा पोकलेन. मी विचारत होतो, कुठं चाललोय? मला कापायला नेताय का? कुणी ऐकलं नाही, कारण माझं बोलणं तुम्हालाच ऐकू येतं. बीड गेलं, गढी गेली, मग तलवाड्याचा रस्ता. दोन्ही बाजूंनी सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली. आणि मग मला वास आला. पाण्याचा! खारट नव्हता, मातीचा, शेणाचा, सडलेल्या पिकाचा. पण पाणीच ते, मोठं, धावतं पाणी. माझं सगळं लोखंड जागं झालं.

ओढ्याच्या जागी तांबडा लोंढा होता. मधला रस्ता तुटून मोठी खिंड पडलेली. पलीकडं उंचवट्यावर दोन घरं, एक गोठा आणि ताडपत्रीनं झाकलेला कडब्याचा गंज. गोठ्यापाशी एक बाई उभी होती, कमरेला पदर खोचून. मागं नदीचं पाणी पार बांधापर्यंत आलेलं.

तानाजीनं मला साखळीनं पोकलेनच्या हाताला बांधलं आणि हळूहळू खिंडीवर आडवं सरकवलं. मी पुन्हा घोटाळ्यात पडलो. माझं आयुष्य गेलं ते एक टोक जहाजाला आणि एक टोक किनाऱ्याला टेकवण्यात. इथं दोन्ही टोकांना जमीन आणि पोटाखाली पाणी. जहाज कुठंय? की ही सगळी वस्तीच आता जहाज आहे, आणि तिचं दार मी? मला कळेना. पण बसलो मात्र घट्ट.

तानाजी माझ्यावरून पळत पलीकडं गेला. वनमालानं त्याला बघितलं आणि पहिलं वाक्य काय टाकलं म्हणाल?

"आत्ता आलात व्हय? काल कावून आला न्हाईत?"

"अगं, रस्ते बंद होते."

"मंग आता बोलत नका बसू. धरा वगार."

शेळ्या पहिल्यांदा आल्या. त्या काय, चार उड्या मारून पार झाल्या. मग तिनं थोरल्या बैलाची वेसण धरली. पोळ्याचा लाल हिंगूळ त्याच्या शिंगांवर अजून होता. त्यानं माझ्यावर एक खूर ठेवला आणि मी वाजलो. ठण्णकन! रणगाड्यांना त्या आवाजाचं काही नसायचं, बैल मात्र बिचकला. मागं सरला. तिनं पुन्हा ओढला. त्यानं दोन पाय टाकले, आणि ओल्या गुळगुळीत लोखंडावरून त्याचे दोन्ही पाय सटकले. गुडघ्यावर आला. खाली लोंढा. वनमाला किंचाळली. तानाजीनं शेपटीला मिठी मारून त्याला कसाबसा मागं खेचला. बैल थरथरत मागं गेला आणि पाय रोवून उभा राहिला. आता मारलं तरी तो येणार नव्हता, आणि त्याच्या मागच्या म्हशींनीही ते बघितलं होतं.

मुस्तकीम अलीकडच्या काठावर उभा होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. पट्ट्या मीच घासल्या, भाई. मीच."

"रडतो काय आता? काही तरी कर!" पाशाभाई ओरडले. पण करणार काय? माती टाकावी तर पावसानं तिचा चिखल होत होता. एक बारदाना टाकून बघितला, तो बैलाच्या पायाखालीच सरकला. पाणी माझ्या पोटाला शिवायला लागलं होतं. मला भीती वाटली मित्रांनो, खरंच. इतकी भीती मला स्वतःसाठी, कापतानासुद्धा वाटली नव्हती.

वनमालानं एकदा पाण्याकडं बघितलं आणि वळून कडब्याच्या गंजाकडं गेली. ताडपत्री ओढून काढली.

तानाजीला कळलं ती काय करतेय. "अगं, वर्साची वैरण हाय ती!"

"जनावरं ऱ्हायली तर वैरण. काय मला खायचीय का ती? उचला पेंड्या!"

कोरड्या कडब्याच्या पेंड्या दोघं आणायला लागले आणि माझ्यावर आडव्या रचायला लागले. एकीला लागून एक. वारं आणि पाणी त्या सरकवायला बघत होतं. तेव्हा मुस्तकीम येऊन माझ्या एका कडेला पालथा पडला आणि पेंड्यांची टोकं छातीखाली दाबून धरली. दुसऱ्या कडेला पाशाभाई. एवढं अवजड शरीर, पण पडले. खाली लोंढा त्यांच्या चपला ओढत होता.

"आता आणा!" पाशाभाई म्हणाले.

वनमाला बैलापुढं आली, त्याच्याकडं तोंड करून. ती उलटी चालायला लागली. हात त्याच्या तोंडाला लावलेला. "चल माझ्या राजा. कडबाच हाय. रोजचाच हाय. चल." बैलानं खूर टाकला. मी वाजलो नाही! कडब्यानं माझा आवाज गिळला होता. त्यानं दुसरा खूर टाकला. कडब्याची ताटं कडकड मोडली, पण खूर धरून राहिला. त्याच्या मागं दुसरा बैल, मग म्हशी एकामागं एक, वगार तानाजीच्या खांद्यावर. मधेच काही पेंड्या निसटून पाण्यात गेल्या आणि थोरल्या म्हशीचा मागचा पाय सटकला. मुस्तकीमनं तिथं आपला हात आडवा घातला. म्हैस त्याच्या हातावर पाय देऊन गेली. तो ओरडला नाही, पण बोटं सुजून भोपळ्यासारखी झाली.

सगळे पार झाले. वनमाला शेवटी आली. अलीकडं आल्यावर तिनं जनावरं मोजली नाहीत. ती थोरल्या बैलाच्या गळ्याला मिठी मारून मोठमोठ्यानं रडली, इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं. पाशाभाई तोंड फिरवून उभे राहिले. अंधार पडायच्या आत गोठा गेला. मग घराची एक भिंत गेली. मी मात्र हललो नाही.

पाणी उतरलं तशी वस्तीची माणसं माझ्यावरून ये-जा करायला लागली. चिखल उपसायला, भांडी शोधायला. सत्यभामा आजी, म्हणजे तानाजीची आई, पहिल्यांदा माझ्यावर पाय ठेवताना म्हणाली, "कुठलं म्हणायचं हे लोखंड?" तानाजी म्हणाला, "जहाजाचं, माय." आजी म्हणाली, "मोठा आला जहाजवाला! इथं प्यायला टँकर येतो अन् म्हणं जहाज."

खंडेनवमीच्या सकाळी पाशाभाई आणि मुस्तकीम ट्रेलर आणि हायड्रा घेऊन आले. मला परत न्यायला. त्यांचंही खरं होतं. गॅरेजवर यंत्रं अडून बसली होती, साखर कारखान्यांचे हंगाम तोंडावर आले होते. मुस्तकीमच्या हाताला पट्टी होती. दुसऱ्या हातात वेल्डिंगच्या कांड्या होत्या, आडव्या पट्ट्या परत जोडायला. त्यानं आणलेलं लोखंड बघून मला वाटलं, चला, माझे दात परत येणार.

वनमाला माझ्यापाशी बसलेली होती. तिनं मला धुतलं होतं, घासलं होतं. ताटात हळद होती, कुंकू होतं आणि झेंडूचं एकच फूल, तेही चेमटलेलं.

"वहिनी, हे काय चाललंय?" पाशाभाईंनी विचारलं.

"खंडेनवमी हाय आज, भाई. घरातली अवजारं पुजत्यात."

"हां, पण हे तर..." पाशाभाई थांबले.

"पाभर गेली. कुळव गेला. इळे, खुरपी, समदं वाहून गेलं." ती साध्या आवाजात सांगत होती. "आमच्या घरी पुजायला यवढंच राह्यलं."

पाशाभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मुस्तकीम कांड्या घेऊन पुढं झाला तशी ती म्हणाली, "आज न्हाई, भाऊजी. पुजलेलं अवजार आजच्या दिशी हालवत न्हाईत. त्याला बी एक दिवस आराम असतो."

हायड्राचा ड्रायव्हर हसला. त्याच्याही यंत्राला सकाळीच हार घातला होता. पाशाभाईंनी ओढ्याकडं बघितलं. पलीकडून वगार हंबरत होती. मग ते म्हणाले, "चल बे मुस्तकीम. पट्ट्या उद्या जोडू, इथंच. पूल होईस्तोवर हा इथंच ऱ्हाईल. आमी आपलं मातीचा चढ करतो गॅरेजवर."

ट्रेलर रिकामा वळला. वनमालानं बोटाला कुंकू लावलं आणि अडली. "अवो, याची फुडची बाजू कुठली?" तिनं तानाजीला विचारलं. तानाजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. खरं सांगू, आता मलाही नक्की आठवत नव्हतं. मग ती उठली, या टोकाला कुंकू लावलं, माझ्यावरून चालत पलीकडं गेली आणि त्या टोकालाही लावलं. फूल मधोमध ठेवलं.

मित्रांनो, मी समुद्रातलं जहाज आहे, की बीडचा पूल, की वनमालाच्या घरचं अवजार, हे मला अजून समजलेलं नाही. तुमच्या घरीही असं एखादं जुनं काहीतरी पडलेलं असेल. त्याचं टोचणारं घासून टाकायच्या आधी ते कशासाठी होतं एवढं कुणालातरी विचारा. आणि शाळेला जाता-येता माझ्यावरून गेलात, तर पट्ट्यांमधे चिखल साचलेला दिसेल. तेवढा पायानं बाजूला सारा. सांजच्याला थोरला बैल याच वाटेनं घरी येतो.